पुढच्या दाराची कडी

लोणी भापकर
११ मार्च २०२५

चि. सौ. उत्कर्षा हीस,
बनाआत्याचे अ. उ. आ.

तुझे आबा इथे सुखरूप पोचले. होळीची पोळी बहिणीच्या हातची खायची म्हणून आज सकाळच्या एसटीने आले. म्हणजे तुम्हा लोकांना न सांगता आले, हे चहा पिता पिता कबूल केलं. एवढ्या सकाळी पोरीला कशाला उठवायचं, म्हणतात. शेजारच्या वस्तीवर जाऊन दोन शब्द सांगायचे तर पायाला काटे रुततात का, असं मी विचारलं. त्यावर त्यांना नेमकं ऐकू आलं नाही. बहिरी मी, आणि सोंग यांचं.

फोनही घरीच राहिलाय. खिडकीत चार्जिंगला लावला आणि तसेच निघाले. तेव्हा तुम्ही उगाच फोन लावत बसाल आणि घाबराल, म्हणून हे पत्र. आमच्या रणजितला म्हटलं, तू उत्कर्षाला फोनवर सांग, तर म्हणतो उद्या टेम्पो घेऊन इंदापूरला चाललोयच, अंथुर्ण्यात थांबून तुझं पत्रच देतो. पोरगं बापासारखंच निवांत आहे.

घर मात्र बंदोबस्तात ठेवून आलेत बरं का. ती जुनी युक्ती. पुढच्या दाराला आतून कडी घालायची, मागच्या गोठ्याच्या दाराने बाहेर पडायचं आणि त्याला नुसती साखळी अडकवायची. पुढून चोर आला तर त्याला वाटावं, म्हातारा घरातच आहे. हे सांगताना आमच्या या दादाचा चेहरा असा फुललेला की विचारू नकोस. मी म्हटलं, तुझ्या घरात न्यायला आहे काय? एक घोंगडं.

एकच गोष्ट मनाला लागली. परवाच्या बाजारात त्याने हरणी गाय विकली. गुडघे धरले, आता शेण काढणं होत नाही म्हणतो. त्याने बांधावरची बोर तोडल्यापासून शेजारच्या दगडावैनीशी त्याचं बोलणं बंद आहे, हे तुला ठाऊकच. पण कुठे जायचं झालं की तो गाईच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने सांगायचा, हरणे, इंदापूरला चाललोय, सांजच्याला येतो. गाईला कशाला सांगायचं? बांधापलीकडे वैनीने ऐकावं म्हणून. आणि ती ऐकायचीच. मी विचारलं, मग आज काय केलंस? तर म्हणाला, गाय न्हाय, कुणाला सांगू? भिंतीला?

मी हसले, पण बरं वाटलं नाही. तू तरी जाता येता वैनीच्या कानावर घाल की आबा लोणीला गेलाय. ती विचारणार नाही, पण तिचं लक्ष असतं.

तुझ्या विजयसिंहाला आशीर्वाद. नात्याने नुसते शेजारी असलात तरी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
बनाआत्या


अंथुर्णे
१४ मार्च २०२५

ती. आत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र रणजितभाऊजींनी बुधवारी सकाळी आणून दिलं. मी कालव्याच्या कडेला बसूनच वाचलं. आत्या, हे पत्र एक दिवस आधी आलं असतं तर. दुसरं काही लिहायच्या आधी हेच लिहिते, कारण तीन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

माळ पेटला, ऊस गेला, दगडाकाकू गेल्या, एवढं भाऊजींनी तुम्हाला सांगितलंच असेल. कशा गेल्या ते मी त्यांना सांगितलं नाही. ते तुमच्या कानात ओरडून सांगणार, आणि आबा तिथेच बसलेले असणार. हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

मंगळवारी दुपारी गायरानाच्या माळावरचं गवत पेटलं. कशाने, कुणालाच माहीत नाही. वारं इतकं होतं की बघता बघता आगीने रस्ता ओलांडला आणि उसात शिरली. उभा ऊस पेटला की फटाक्यांच्या माळेसारखा तडतडतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आमचे हे आणि गावातली पोरं ट्रॅक्टर घालून मधला ऊस आडवा करत होते, आग तिथे तरी अडावी म्हणून. आम्ही बायका, म्हातारी माणसं, जनावरं सगळे कालव्यावर जमलो. जो येईल त्याला विचारायचं, तुमच्या शेजारचे आले का?

दगडाकाकू सगळ्यात शेवटी आल्या. त्यांचा मुलगा जोतीराम कांदा घेऊन बाजाराला गेलेला, त्या एकट्याच होत्या. तरी आधी पलीकडच्या वस्तीवर जाऊन रेश्मा बाळंतीण आहे तिला घेऊन आल्या. बाळ त्यांच्या पदरात, धुराने डोळे लाल. बाळ माझ्याकडे दिलं आणि पहिलं विचारलं, दत्तोबा कुठाय?

मी केव्हाची आबांना फोन लावत होते. रिंग पूर्ण जात होती, उचलत कुणी नव्हतं. मी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, येताना मी त्याच्या दारावरनं आले, फोन आत वाजतोय. दार ढकलून बघितलं, आतनं कडी हाय. आज जातो म्हणून कुठं बोललाबी न्हाय, मंजी घरातच पडलाय त्यो.

मी म्हटलं, काकू, थांबा, पोरांना पाठवू. त्या बरं म्हणाल्या. बाळ रडायला लागलं म्हणून मी रेश्माकडे वळले. परत बघितलं तर काकू नव्हत्या.

आणि आत्या, मी फोन लावतच राहिले. त्या दारात उभ्या असतील आणि आत फोन वाजत असेल, तो मीच वाजवत होते.

संध्याकाळी आग शमल्यावर आमचे हे आणि पोरं आबांच्या घराकडे गेले. घराला काही झालेलं नाही. दगडाच्या भिंती, वर पत्रा, तसंच उभं आहे. दोन्ही बाजूंचा ऊस जळून गेलेला, आणि काकू पुढच्या ओट्यावर. भाजल्या फारशा नव्हत्या. धुराने गुदमरल्या, असं डॉक्टर म्हणाले. हातात दगड होता. दारावर त्या दगडाचे घाव आहेत, कडीच्या जागी फळी चेपली आहे. कडी निघाली नाही.

काल होळी होती. गावात कुणी पेटवली नाही.

जोतीराम एकदाच म्हणाला, ज्यानं झाड तोडलं त्याच्यापायी आई गेली. आबा दहाव्याला येणारच. ते दार बघतील. त्याआधी कुणीतरी टोचून सांगेल, त्यापेक्षा तुम्हीच सांगा, तुमच्यासारखं सांगणारं त्यांना कुणी नाही. नाहीतर सांगू नका, दार बदलून घेतो. मला काही ठरवता येत नाही. तुम्ही म्हणाल तसं करू.

तुमचा हात आमच्या डोक्यावर राहू द्या. आत्ता फार लागतोय.

तुमची,
उत्कर्षा


लोणी भापकर
१७ मार्च २०२५

चि. सौ. उत्कर्षा हीस,
अ. उ. आ.

पहिलं हे ऐक. तू फोन लावलास तो शेजारधर्म होता. काळजी केली म्हणून कुणी पापी होत नाही. रोज सकाळी उठलीस की हे वाक्य वाच.

मला वैनी आठवते ती नवी नवरी. मी परकर नेसायचे तेव्हा ती बांधापलीकडे नांदायला आली. सासू कडक होती, म्हणून आमच्या गोठ्यात येऊन रडायची आणि रडून झालं की मला वेणी घालून द्यायची. माझं लग्न होऊन मी निघाले तेव्हा माझ्या आईपेक्षा तीच जास्त रडली. आता तिच्यासाठी मी रडते, तर रणजितची बायको म्हणते, आत्याबाई, हळू, रस्त्यापर्यंत आवाज जातोय. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, मी काय हळू रडू?

तुझं पत्र मी दोन दिवस कनवटीला लावून हिंडले. वैनी गेली एवढंच दादाला माहीत होतं. तरी तो जेवत होता. मधेच म्हणाला, बाई वाईट नव्हती, बोराचं मी जरा जास्तच केलं. दहाव्याला जाऊन जोतीरामच्या पाया पडतो म्हणाला, वयाने मोठा असलो तरी. हे ऐकून मला वाटलं, सांगूच नये. दार बदला, असं तुला लिहायला बसले होते.

मग काल रणजितचे मित्र आले. दादा त्यांना आपली युक्ती सांगायला लागला. आमच्याकडं आग लागली तरी माझं घर बघा, आतनं कडी, चोर जवळ फिरकला न्हाय. पोरं हसली. मला ते सहन झालं नाही. पोरं गेल्यावर त्याला परसात नेलं आणि तुझं पत्र हातात दिलं. माझ्या तोंडून निघालं नसतं.

त्याने सावकाश वाचलं. एकदा, मग परत. रडला नाही. मला वाटलं, भिंगाचा चष्मा नाही म्हणून नीट लागलं नसेल. मग त्याने खुणेने विचारलं, कुठल्या दाराला आली?

मी म्हटलं, पुढच्या.

तो म्हणाला ते मी ओठांवरून वाचलं. बोर तोडायच्या आधी ती कधीच पुढनं आली न्हाय. कायम गोठ्यातनं यायची. मागनं आली असती तर बाहेरनं साखळी दिसली असती.

 दहाव्याला रणजित त्याला घेऊन येईल. दार बदलू नका. तो म्हणाला नाही, पण मला ठाऊक आहे.

जोतीराम त्याला काही बोलला तर बोलू द्या. मधे पडू नका. आणि जेवणाचं बघ त्याच्या, बाई. मीही येणार आहे. माझ्या वैनीच्या दहाव्याला मी नाही तर कोण येणार?

जीव लावलाय तसाच राहू द्या एकमेकांना.

तुझी,
आत्या


अंथुर्णे
२ एप्रिल २०२५

चि. बना हीस,
दादाचे आशीर्वाद.

तू दहाव्याहून गेल्यापासून लिहीन म्हणत होतो. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. जसं येईल तसं वाच.

प्रकृती ठीक आहे. उत्कर्षा दोन्ही वेळचा डबा आणते आणि मी खाईपर्यंत हलत नाही. तिला एकदा म्हटलं, पोरी, मी पळून जात नाही. तर रडायला लागली. आता काही म्हणत नाही, मुकाट खातो. फोन तिने दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मला आणून दिला. सगळा तिच्याच नावाने भरलेला. तिच्या देखत मी तो उघडत नाही.

पाडव्याला कुणी गुढी उभारली नाही. आपण नाही, जोतीरामने नाही, रेश्माच्या घरीही नाही. रेश्माने बाळाचं नाव ठेवायचं पुढे ढकललंय. ती म्हणते, ज्या बाईने उचलून आणलं तिच्या कानावर नाव गेलं असतं तर बरं झालं असतं.

जोतीरामचं तुला सांगायचं होतं. दहाव्याला मी त्याच्या पाया पडायला वाकलो, ते तू बघितलंस. त्याने मला धरून उभं केलं आणि तोंड फिरवलं.  परवा बांधावर त्याने बोराचं रोप लावलेलं दिसलं. जिथे जुनी होती, तिथेच. मी तिकडे बघतोय हे त्याला दिसलं. घागर तिथेच ठेवून तो गेला. मी पाणी घातलं. घागर परत नेऊन त्याच्या ओट्यावर ठेवली. एवढंच झालं.

विजयसिंह सुतार घेऊन आला होता. दाराची फळी बदलू म्हणाला. मी नाही म्हटलं. सुताराला वाटलं पैशाचं आहे, तर म्हणाला, आबा, फळी माझ्याकडची टाकतो, मजुरीबी नको. चांगला माणूस आहे. त्याला कसं सांगायचं? बाईने एवढी मेहनत करून ठेवलेली खूण आहे ती. नऊ वर्षं मी तिला हाक मारली नाही, आणि तिने माझ्यासाठी दगडाने दार फोडू बघितलं. ते पुसायचं? मी आतली कडी तेवढी काढून घेतली. आता पुढचं दार नुसतं लोटलेलं असतं. चोर आला तर येऊ दे, बस म्हणेन.

बना, तू त्या दिवशी विचारलं होतंस, गाय नाही तर कुणाला सांगून आलास? मी म्हणालो, भिंतीला सांगू का. तू हसलीस. ते बोलणं मला रात्रंदिवस खातंय. बांधापर्यंत चालत जायला किती लागतं? मला माहीत आहे, मी आता रोज जातो.

आज इंदापूरला जायचं होतं, जळिताच्या पंचनाम्याच्या कामाला. निघताना पुढच्या दाराने निघालो. बांधावर गेलो, टोपी काढली आणि मोठ्याने म्हणालो, वैनी, इंदापूरला चाललोय, सांजच्याला येतो.

उत्तर नाही आलं. तसं पूर्वीही कधी येत नव्हतं. पण तेव्हा ती ऐकत होती.

तू जप. कान गेले तरी डोळे आहेत, पत्र लिहीत जा. मी वाट बघतो.

तुझा,
दादा