पेटी आणि सातवी मॅच

बाबा,

आज पेटी मॅच संपायच्या आधी फोडली. तुम्ही असता तर एवढं ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि म्हणाला असता, नीट सांग. तर नीट सांगते. आज रविवार. आपल्या टीमची पहिल्या फेरीतली सातवी मॅच सकाळी सहाला होती. हो, अजून तीच अमेरिकेतली बास्केटबॉलची टीम, आणि अजून तेच रडगाणं. सीझनभर कॉलर ताठ करून खेळायचं आणि बाद फेरी लागली की एक दिवस भल्याभल्यांना लोळवायचं, दुसऱ्या दिवशी हातातला बॉल बाहेर फेकायचा. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. तुमच्या वेळचे खेळाडू आता टीव्हीवर कोट घालून गप्पा मारायला बसतात, जर्सीचा रंगही दोनदा बदलला, पण हा गुण काही गेला नाही. आणि इकडे घरात गुरुवारपासून आंब्याची पेटी आलेली, आणि पेटीसमोर आई. आईने दिवाळीच्या आजारपणापासून धड काही खाल्लेलं नाही. पेजेचे चार चमचे, की बास. डॉक्टर म्हणाले, शुगरचं मी बघतो, तुम्ही जे मागतील ते द्या. तर तिने आंबा मागितला. आणि मी, तुमची लेक, तिला म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

आता हे वाचून कोणीही मला वेड्यात काढेल, पण तुम्ही काढणार नाही, कारण हे वेड तुमचंच आहे. मी सहावीत होते, नेरूळच्या याच घरात. सेक्टरात नुकतीच केबल आली होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी सहाला अमेरिकेतल्या मॅच लागायच्या. तुम्ही बेलापूर पट्टीतल्या केमिकल कंपनीत ऑपरेटर, महिन्यातला एक आठवडा नाइट. कंपनीच्या आवारात बास्केटबॉलचं कोर्ट होतं आणि पाच फूट चार इंचाचा रत्नागिरीचा माणूस तिथे कंपनीच्या टीममधून खेळायचा, यावर आईच्या माहेरी शेवटपर्यंत कोणाचा विश्वास बसला नाही. पहिल्या दिवशी टीव्हीवर जी मॅच लागली होती तिच्यात जे हरत होते ते आपले, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मी विचारलं, हरणारे कशाला? तर म्हणालात, जिंकणाऱ्यांना काय, सगळं गाव असतं. तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. आज वाटतं, बाबा, त्या दिवशी जरा समोरची टीम बघितली असती तर तिच्या चार ट्रॉफ्या झाल्यात.

पेटीचा नियम त्याच वर्षीचा. मोठ्या काकांनी गावाहून पेटी पाठवली होती, लाकडी, आत पेंढा, आणि आई विळीच्या टोकाने वरची पट्टी उचकटत होती. तुम्ही नाइट करून आलेले, अंगाला कंपनीचा तो उग्र वास, पायात अजून सेफ्टी शूज. मॅचचा शेवटचा क्वार्टर चालू होता, हरलो तर घरी. तुम्ही दारातून आईला म्हणालात, "थांब गं जरा, जिंकू दे, मग फोडू." आई थांबली, टीम जिंकली. खाली पेपर पसरून आपण तिघांनी आंबे खाल्ले, आणि तुम्ही बुटांसकट बसला होतात हे आईच्या लक्षात आलं तेव्हा अर्धी पेटी संपली होती. झालं. सत्यनारायणाच्या पूजेला भटजींशी वाद घालणारा माणूस, देवाला कधी नवस बोलला नाही, पण पुढच्या वर्षीपासून टीमच्या पहिल्या फेरीचा निकाल लागेपर्यंत आपल्या घरात पेटी फुटायची नाही. पहिली फेरी म्हणजे सातपैकी चार मॅच आधी जिंकायच्या. पटकन जिंकली तर आंबा अढीतून काढल्यासारखा बरोबर मिळायचा, पटकन हरली तर सुतकातल्यासारखा गप्प बसून खायचा. पण आपली टीम पटकन काही करेल तर शपथ. सात मॅच म्हणजे दोन आठवडे. घरभर वास सुटायचा, शेजारच्या काकू दार उघडून विचारायच्या, आणि आई त्यांना सांगायची, आमच्याकडे अजून अमेरिकेतून निरोप आला नाही.

तुम्ही घरी पोचायच्या आधी निम्मी मॅच झालेली असायची. पावणेआठला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची आणि तुम्ही बूट काढायच्या आधी म्हणायचा, चार्ज दे. तुमच्याकडे शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला प्लांटची हालत सांगतो, त्याला चार्ज देणं म्हणतात, हे मला मराठीचे धडे यायच्या आधी येत होतं. मी उभी राहून सांगायचे: अमुकने इतके मारले, तमुक फाउलमध्ये अडकला, हाफला आपण मागे. एकदा आपल्या टीममधल्या उंच्याने शेवटच्या मिनिटात दोन्ही फ्री थ्रो घालवले आणि मी रडत रडत तुम्हाला सांगितलं की तो नालायक आहे, त्याला काढून टाकायला पाहिजे, त्याच्या आईने त्याला... पुढे बोलू दिलं नाहीत तुम्ही. टीव्ही बंद केलात. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत, त्याचाच जास्त राग आला मला. म्हणालात, "चार्ज देताना शिव्या देत नाहीत. आधी काय झालं ते सांग. तुला काय वाटलं ते नंतर विचारीन." मी परत सांगितलं, हुंदके देत, आणि तुम्ही सगळं ऐकून मान हलवलीत आणि आंघोळीला गेलात. दाढी केलीत, पोळी-भाजी खाल्लीत आणि झोपलात. मला काय वाटलं ते विचारायचं राहिलंच. हरल्यावर माणूस इतका शांत कसा झोपतो याचा मला तेव्हा भयंकर संताप आला होता. आता मी बंदराजवळ द्रोणागिरीला गोदामात डिस्पॅच बघते, कंटेनरवाल्यांशी दिवसभर डोकं लावते, आणि हरल्याच्या दिवशी समोरच्या ड्रायव्हरला उगाच दोन शब्द जास्त सुनावते. दाढी करून झोपायचं मला काही जमलं नाही.

आणि ती रिंग. हसू नका. कंपनीतून भंगारात गेलेल्या ड्रमची गोल पट्टी तुम्ही साहेबांना विचारून आणलीत आणि सोसायटीच्या पंपाच्या खोलीवर ठोकलीत. मी दोन वर्षं त्याच्यात बॉल टाकला, दहापैकी आठ आत. मला वाटायला लागलं आपण कोणीतरी आहोत. मग शाळेच्या टीमच्या निवडीला गेले तर खरी रिंग एवढीशी, माझा एकही आत जाईना, सर म्हणाले, बाळ, तू खो-खोला ये. घरी येऊन मी तुमच्यावर फणफणले की तुम्हाला रिंगचं माप माहीत होतं, तुम्ही स्वतः खेळता, मग मला फसवलंत का? तुम्ही डोकं खाजवलंत. म्हणालात, बॉल आत जातो हे आधी कळायला हवं ना. मला ते उत्तर पटलं नव्हतं, अजूनही अर्धवटच पटतं. पण त्या ड्रमच्या रिंगमध्ये बॉल पडल्यावर जो खण्ण आवाज यायचा, तो ऐकून तुम्ही पहिल्या मजल्याच्या खिडकीतून हात वर करायचा. ती पंपाची खोली गेली, तिथे आता गाड्या लागतात. मला अजून त्या बाजूला गाडी लावायला आवडत नाही.

आईचं काय ते मात्र तुम्हाला अर्धंच माहीत आहे. ज्या वर्षी सातव्या मॅचला जिंकलो आणि तुम्ही वाजतगाजत पेटी फोडलीत, वरचा थर काढला आणि खाली नुसता पेंढा निघाला, ते आठवतं? आई शांतपणे म्हणाली, तुमची टीव्हीतली पोरं थांबतात, आंबा थांबत नाही. तिने पेटी पालथी करून खालच्या फळ्या काढल्या होत्या, खालचा थर खाल्ला, शेजारी वाटला आणि फळ्या परत ठोकून ठेवल्या. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत आणि पुढच्या वर्षी पेटीला सुतळीने आवळून बांधलंत. तुम्हाला माहीत नाही ते हे, की फळी धरायला मी होते. आणि सुतळी बांधलीत त्या वर्षी गाठ सोडून परत तश्शीच मारणारी पण मीच. आई नि मी दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून, तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेलेले, जमिनीवर बसून कोपरापर्यंत रस ओघळत आंबे खायचो. ती म्हणायची, खा गो, आपण हरलो तरी पोट भरलेलं बरं. इतकी हसायची की तोंडातला आंबा बाहेर यायचा. मला वाटतं तुमच्या नियमाची सगळ्यात जास्त मजा तिनेच घेतली.

तुम्ही गेलात आणि मला काय झालं कोण जाणे, मी नियम घट्ट धरून बसले. त्या वर्षी पेटी आली तेव्हा फोडायला हात होईना. टीम जिंकेपर्यंत थांबले तर वाटलं तुम्ही बसने येताय, कोपऱ्यावर पोचलाय, अजून वेळ आहे. मग दर वर्षी तेच. नवरा पुण्याला नोकरीला, सुट्टीला येतो, तो क्रिकेटवाला, तो म्हणतो तुम्ही मायलेकी आंब्याचं लोणचं का घालत नाही सरळ. आईने मला कधी विरोध केला नाही. पण फळ्याही कधी काढल्या नाहीत. आता पेटी पुठ्ठ्याची येते, चिकटपट्टी लावलेली, एका नखाने उघडेल. तरी तिने हात लावला नाही. हे मला एकवीस वर्षांत एकदाही खटकलं नाही, बाबा. या शुक्रवारी खटकलं.

तीन-एकने पुढे होतो आपण. सवयीप्रमाणे पुढच्या दोन्ही घालवल्या. शुक्रवारी संध्याकाळी मी गोदामातून आले तर आई पेटीसमोर खुर्ची घेऊन बसलेली. विचारलं, आंबा देतेस? मी म्हटलं, रविवारी सातवी आहे गं, दोन दिवस थांब ना. मला वाटलं तोंड सोडेल माझ्यावर, तुमची आई-बहीण सगळी काढेल. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं. आणि खुर्ची धरत धरत आत जाऊन पडली. मी हात-पाय धुतले, चहा केला, पिता येईना. जी बाई पेटी पालथी घालून आंबा काढायची, तिच्यात आता भांडायचाही जोर राहिला नाही, आणि पुढच्या वर्षी पेटी येईल तेव्हा ही असेल का, हे मी पहिल्यांदा मनात धडपणे म्हणून बघितलं. तरीही शनिवारी पेटी फोडली नाही मी. लाज वाटते लिहायला, पण नाही फोडली.

आज सकाळी टीव्हीच्या आवाजाने ती उठली. तिला शाल गुंडाळून खुर्चीत बसवलं. आपली पोरं काय खेळत होती म्हणून सांगू, तुम्ही बूट काढले नसते. हाफला चौदाने पुढे. मी आनंदाने वळले तर आई टीव्हीकडे बघतच नव्हती. पेटीकडे बघत होती. मागत नव्हती काही. मी उठले आणि चिकटपट्टी ओढली. एक आंबा धुतला, दाबून मऊ केला, देठ काढून तिच्या हातात दिला. ती चोखायला लागली. डोळे मिटून, चुकचुक आवाज करत, हनुवटीवरून रस, शालीवर रस. सहा महिन्यांत तिला असं खाताना बघितलं नव्हतं. पूर्ण एक संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसून दुसरा दाबत होते आणि मला खरंच वाटलं की आता काहीही होऊ दे.

आणि मग झालं. तिसऱ्या क्वार्टरला काही म्हणजे काही आत जाईना. चौदाचे सहा, सहाचा शून्य. शेवटी तीनने हरलो, शेवटचा बॉल रिंगवर फिरून बाहेर पडला. मी टीव्ही बंद केला. घरात फक्त आईच्या चोखण्याचा आवाज. अर्धा झाला होता दुसरा. तिने माझं तोंड बघितलं आणि थांबली. म्हणाली,

"हरले काय गो? माझ्यामुळे?"

बाबा, उत्तर जिभेवर असायला हवं होतं. ज्या बाईने सहा महिन्यांनी पोटभर खाल्लं तिला काय सांगायचं ते पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, काहीतरीच काय, त्यांना खेळता येत नाही, तू खा. आणि तिने खाल्लाही, कोय पांढरी होईपर्यंत. पण तिने विचारणं आणि मी बोलणं यांच्या मध्ये मी तिच्याकडे बघत होते, आणि तेवढ्या वेळात माझ्या मनात 'हो' होतं. तिने ते बघितलं.