अकरातली सातवी इमारत

८ जानेवारी, गुरुवार
आमच्या वार्ताहर रूपालीने अनधिकृत इमारतींची यादी मिळवली. चार दिवस पालिकेच्या विभाग कार्यालयाच्या बाकावर बसून. साताऱ्याकडची पोरगी, चिकाटी उपजत. अकरा इमारती, उद्याच्या अंकात चौकट: 'घर घेण्यापूर्वी वाचा'. कॉपी तपासायला माझ्याकडे. सातव्या ओळीवर तळवली, मालक जगदीश. म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा सख्खा भाऊ. त्या इमारतीच्या वास्तुशांतीला मंत्र मीच म्हटले होते. संस्कृत शिकल्याची शिक्षा.

नोटीस त्यालाही पोचलेली. दुपारी फोन. "दाजी, पेपरान आपलं नाव नको येवाला. बस, येवढंच." मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

पान लावताना सातवी ओळ गेली. गेली कसली, मी काढली. कर्ता लपवायची सवय जुनी.

९ जाने., शुक्र.
दहा नावं छापली. उरलेल्या जागेत कुठल्याशा सोसायटीच्या हळदीकुंकवाची दोन ओळींची बातमी.

"सर, अकरा होत्या ना?" रूपालीने विचारलं.

चष्मा पुसत म्हटलं, एकीबद्दल शंका होती, पडताळून टाकू.

"बरं सर. तुम्ही बघितलंय म्हणजे झालं."

नात्यागोत्यातल्या बातमीला हात लावू नये, यावर गेल्या महिन्यात याच मुलीला अर्धा तास प्रवचन दिलं. तिने वहीत उतरवून घेतलं होतं.

११ जाने., रवि.
तळवलीला जेवण. जिताड्याचं, म्हणजे खाडीतल्या माशाचं डोकं माझ्या ताटात, हा जावयाचा मान. लग्नानंतर पहिल्यांदा डोळे मिटून खाल्लं होतं, आता मागून घेतो.

जेवताना शिंदे नवराबायको आले. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाल, पंधरा वर्षं भाड्याच्या खोलीत. आता जगदीशच्या त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं घर घेताहेत. सोमवारी, १९ ला करार. जगदीशने ओळख करून दिली, "हे आमचे दाजी. पेपरान हायेत."

शिंद्यांनी खिशातून घडी काढली. आमची चौकट, कापून ठेवलेली. "साहेब, यात नाव नाय बघूनच टोकन दिलं. लय उपकार झाले."

हात बरबटलेला, म्हणून नमस्कार करता आला नाही. बरंच झालं.

१३ जाने., मंगळ.
ऑफिसच्या मोबाईलवर शिंदेबाई. यादीत नाव नसलं म्हणजे बिल्डिंग चांगली ना, एवढंच विचारत होत्या. फोन रूपालीने घेतला, माझ्यापासून तीन फुटांवर.

"हो ताई. आमच्या सरांनी स्वतः तपासलीय."

मी कॉम्प्युटरकडे एकाग्रतेने पाहत राहिलो. तो बंद होता.

१४ जाने., बुध., संक्रांत
सुनंदाला सांगितलं. तुझ्या माहेरासाठीच, असं काहीसं म्हणालो. लाडू वळता वळता थांबली.

"मी सांगितलं होतं? मी तर जग्याला म्हणाले, नोटीस आलीय तर गिऱ्हाइकाला दाखव. तो ऐकत नाही ते वेगळं. माझं नाव पुढे करू नका."

तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली नाही.

१५ जाने., गुरु.
दुरुस्ती लिहायला बसलो. 'अनवधानाने राहून गेले.' वीस वर्षांत कितीदा छापला असेल हा शब्द. खोडला. 'नजरचुकीने.' खोडला. 'वगळण्यात आली.' कोणाकडून, ते लिहायला तास गेला. शेवटी नाव घातलं. नातंही. संपादकांना पाठवलं.

नोकरीचं काय ते आता तेच ठरवतील.

१६ जाने., शुक्र.
संपादकांचं उत्तर नाही. दुरुस्ती छापून येईतो शिंद्यांचा करार होऊन जायचा. रूपालीकडे त्यांचा नंबर मागितला. कशाला, तिने विचारलं. सांगितलं. सगळं, जिताड्यासकट. हसली नाही.

"म्हणजे सर, त्या ताईंशी मी खोटं बोलले."

बस, म्हटलं. उभीच राहिली. फोन तिनेच लावला, स्पीकरवर टाकला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

म्हटलं, उद्या सकाळी कळंबोलीला जाऊन प्रत्यक्ष सांगतो.

"मी येते."

सोबत म्हणून की साक्षीदार म्हणून, विचारलं नाही.