तांबड्या खाचराला कोणी सुधारू नये

मी, चांगदेव सखाराम भोर, वय ७४, पूर्वी धंदा मोटर रिवाइंडिंग, आता भातशेती, राहणार वडाचीवाडी, ता. आंबेगाव, जि. पुणे, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझे कान तिखट आहेत, त्याला दाखला लागत नाही.

१. राहतं घर व मंचरचा गाळा मुलगा ऋषी यास. सर्व मिळकत स्वकष्टाची आहे.

२. रिवाइंडिंगची हत्यारं जुना भागीदार पप्पू यास. मोठा पाना यादीत नाही. तो त्यानं अठ्ठ्याण्णव सालीच नेला.

३. ओढ्याकाठचं पाच गुंठे तांबडं खाचर. विकणारा माझी पाठ वळताच म्हणाला, "गंज विकला राव!" खोटं नव्हतं. त्या मातीत लोह फार. पाणी साठलं की तेलकट तवंग येतो, भात करपतो. माझी पत्नी साधना म्हणाली, गावोगावचे भात इथं ओळीनं लावू, कोण तगतंय बघू. एकवीस वर्षांत शंभरावर वाण लावले. तगला एकच, लाल कुसळाचा.

साधना गेली त्या वर्षी मला बरं वाटावं म्हणून ऋषीनं खाचरात चर काढला, चुना टाकला. "अण्णा, बघा, सगळ्या ओळी हिरव्या!" सगळेच पास, म्हणजे परीक्षाच बुडाली. त्याचा चेहरा बघून छान म्हणालो, मागाहून चर बुजवला. माती पुन्हा बिघडायला दोन वर्षं गेली.

यंदा गावी आला तेव्हा ओट्यावर फोनवर तो म्हणाला, "अण्णा आहेत तोवर राहू दे. मग भराव टाकू." मी आत होतो.

म्हणून खाचर व लाल कुसळाचं बी भातलावणीला येणाऱ्या बयाबाईस. ती दरवर्षी म्हणते, "मरणारं भात लावाया मीच घावते व्हय, अण्णा? लई हौस तुमाला!" पण तिची ओळ कधी चुकली नाही. अट एकच: चर नाही, चुना नाही. बी डब्यात ठेवून टिकत नाही, दर आषाढात लावावं.

४. मधली ओळ साधनाच्या माहेरच्या वासाच्या भाताची. ती सर्वांआधी करपते. त्यावरून माती अजून तशीच आहे हे कळतं. बी तिच्या भावाकडून आणावं. करपण्याआधी आठवडाभर पान चुरगाळलं की वास येतो. घरात बोलायला कोणी नाही, तेवढे दिवस मी बांधावर बसतो. बयाबाईनं बसावं असं नाही. ओळ मात्र लावावी.

वाचून पाहिलं, मनासारखं आहे, म्हणून सही केली.

चांगदेव सखाराम भोर

आमच्यासमोर सही झाली:
उज्ज्वला हिंगे
आदेश गावडे

घोडेगाव, ९ फेब्रुवारी २०२५