अंदिरोबाचं मलम

आरापिउन्स नदीकाठ,
१२ ऑगस्ट

लाडक्या लिंडाल्वास, आजोबांचे भरभरून आशीर्वाद.

इथं सगळं ठीक. नदी उतरली, वाळू उघडी पडली. शेजारच्या क्लेमेंसियाबाई तुमच्या बेलें शहरातून परत आल्या. म्हणाल्या, "तुमची नात प्रयोगशाळा सोडून चपलांच्या दुकानात उभी असते. एवढी शिकून लोकांचे पाय मोजते!" मी हसल्यासारखं केलं. मग घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

आईच्या मातीला आलीस तेव्हा तू विचारलंस, "आजोबा, मी बनवून पाठवलेल्या मलमानं तिच्या सांध्यांना काहीच उतार पडला नाही?" मी म्हणालो, "नाही गं बाळा."

ते खरं होतं, पण अर्धं.

तेलासाठी अंदिरोबाच्या झाडाच्या बियांचा लगदा आपल्याकडे एकच माणूस मळतो. दुसऱ्याचा हात लागला की तेल सुटत नाही, हे मी जन्मभर पाळलं. तुझ्या डबीतलं तेल आपल्याच झाडाचं, पण हात परके, वर वासही नाही. तू समजावलं होतंस की तेल डोळ्यांना न दिसणाऱ्या फुग्यांत भरलंय, ते कातडीतून थेट सांध्यापर्यंत उतरतं. चिठ्ठीही होती, गरम करू नये. वाचता येतं मला, कुणी न शिकवता शिकलोय. तरी मी ते चुलीवर चढवलं, आपलं तेल ओतून स्वतःच्या हातानं घोटलं. मलमाचं पाणी झालं, तेल वर तरंगलं. फुगे फुटले असणार.

झेनिल्दा, तुझी आई, दोन महिने तेच चोळत राहिली. बोटं वळेनात, तरी म्हणायची, "बाबा, पोरीला कळवू नका हं. हिरमुसेल." मग एका सकाळी तिचं हृदयच थांबलं.

तू पाठवलेली दुसरी डबी तशीच राहिली होती. गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्यांना लावली, जशीच्या तशी. आठव्या दिवशी काठीशिवाय धक्क्यापर्यंत चालत गेलो, आणि तिथंच मटकन बसून रडलो. शेवटी शेवटी तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती गं.

मला माफ करू नकोस. पण प्रयोगशाळेत परत जा. हे पत्र तिथल्या तुझ्या मोठ्या बाईंना दाखव, माझ्या नावासकट. तुझं मलम हरलं नाही, ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

तुझ्या आईचे हात दुखत ठेवणारा,
आजोबा आनीसिओ