माल्टाची भाकर, लातूरची चूल

अमरेश यांस,

तुम्ही फोनवर म्हणालात, माल्टात मला दुसरी भेटली, तू मुरुडला माहेरी जा. वर तिच्या हातच्या फ्तिराचा, तिथल्या भाजीभरल्या जाड भाकरीचा, फोटो तुमच्या आईंना पाठवला. असली भाकर तुला जन्मात जमायची न्हाई, म्हणे.

जमली. पहिली मी सवयीनं ज्वारीच्या भाकरीसारखी थापत गेले, ती पातळ होऊन करपली. दुसरी जाड ठेवली. थापलेल्या मैद्यावर बटाट्याच्या चकत्या, टमाटे, कांदा. तिथं मासे घालतात, आपल्या लिंगायताच्या घरात कसे चालतील? मी वाघाट्याचं लोणचं घातलं. कढईत मीठ तापवून भाजली, लई छान फुगली.

तेवढ्यात जंगम अय्या भिक्षेला आले. आईंनी अर्धी भाकर त्यांच्या झोळीत वाढली.

"हे काय हाय गुरम्मा? अमरेशनं पाठवलं का?"

"न्हाई. सुनेनं केलंय. अन् ती कुठं जात न्हाई, पुढच्या सोमवारीबी या."

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुमचं उत्तर नकोय मला. उरलेली अर्धी आम्ही दोघींनी खाल्ली, तुमचा वाटा काढला न्हाई.

मंजुश्री,
गुरम्माची सून