तुझी बेअरिंग मी पुलरने काढली

प्रिय इकबाल,

या आठवड्यात तुझी एक बेअरिंग मी पुलरने काढली. तुला ते आवडलं नसतंच. इतकी वर्षं एका दुकानात भागीदारी केली, तेव्हा हे भांडण तुझ्या पाठीमागे कसं उरकू? म्हणून लिहितोय.

हो, तोच, बेअरिंग ओढून काढायचा, तीन पायांचा, स्वस्तातला. मागवला तेव्हा तू तो उलटा धरून विचारलं होतंस, "नाम्या, ह्याच्यानी शहाळी काढायची का?" आणि वर भाषण, "मी बसवलेली बेअरिंग काढनाऱ्याला अल्ला याद आला पायजे!" सुकापूरच्या आपल्या दुकानात दुरुस्तीला आलेली पाण्याची मोटर उघडली की तू छिन्नी-हातोडी घ्यायचास नि मी कानांवर हात ठेवायचो. पुलर खोक्यातच राहिला.

खरं सांगू? मला काही वाटतच नाही. दुपारी छातीत कळ आली म्हणून तू बाकड्यावर बसलास आणि तिथेच गेलास, तेव्हापासून नाही. जेवतो, झोपतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. बायको विचारते, "तुमी रडत का नाय?" आता रडू कुठून आणू?

तुझ्या मयतीला सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती दिली. मग हात धुवायला गेलो, तर नळाला थेंब नाही! कब्रस्तानची राखण करणारे चाचा म्हणाले, "मोटर जाम हाय सकालपासून." कुणीतरी पाण्याचे जार आणले, हातावर तांब्याने पाणी घातलं. तेवढ्यात मागून एकजण बोलला, "इकबालभायनीच बसवलेली ना ही मोटर? त्याच्याच मयतीला पानी नाय." त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण तेवढंही मनात येईना.

मग या सोमवारी रेहानाभाभी दुकानात आली. तुझ्या खुर्चीकडे न बघता म्हणाली, "नामदेवभाऊ, शुक्रवारी त्यांचा चाळीसावा दिस हाय. उरणची मानसा येतील. कबरीवर पानी घालायचं हाय. नळाला येल ना?" मोटर तेव्हापासून तशीच बंद, मी बघितलीही नव्हती. येईल म्हटलं.

मोटर आणून उघडली. बेअरिंग जळून काळी पडलेली, शाफ्टच्या दांड्याला घट्ट चिकटलेली. आधी तुझीच हातोडी घेतली बरं! ढिम्म हलेना. अजून ठोकली असती तर शाफ्ट वाकला असता. शेवटी खोकं उघडलं. पुलरचे आकडे बेअरिंगच्या मागे अडकवले, मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर टेकवला, गंजाचा स्प्रे मारला आणि पान्याने थोडं थोडं आवळत गेलो. एक पाय वाकायला लागला. स्वस्ताचा माल! सोडून पुन्हा सरळ लावला. मग कट्ट असा आवाज झाला नि ती सरकली. चहा निवायच्या आत बेअरिंग माझ्या हातात होती. अल्ला याद करायची वेळ आली नाही, इकबाल. जिंकलो म्हणून आनंद व्हायला हवा होता, तोही झाला नाही.

पण शाफ्ट पुसला आणि मला राग आला. तू गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

शाफ्टभर पंचाचे ठिपके! शाफ्ट झिजला की टोकदार पंच हातोडीने ठोकून असे ठिपके उठवायचे, मग बेअरिंग घट्ट बसते. काही महिने चालते, नंतर वाकडी फिरते, तापते, जाम होते. हेच मी एकदा केलं होतं तर गिऱ्हाइकासमोर माझी बिनपाण्याने केली होतीस. "लेथवर नेऊन वेल्डिंगनी शाफ्ट भरून घे. चोरकाम माझ्या दुकानात नाय चालनार!" आणि तू स्वतः? तेही कब्रस्तानच्या मोटरीवर?

तसाच उठून चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "त्या दिशी एक मयत येनार व्हती. इकबालभाय बोलला, लेथवर नेली तं उद्या भेटल, मयत तं आज हाय. हितंच बसून ठोकून दिली. बोलला, मागाहून येऊन पक्की करतो."

मागाहून म्हणजे कधी रे? परक्याच्या मयतीला पाणी मिळावं म्हणून चोरकाम केलंस, आणि ते नेमकं तुझ्या दिवशी दगा देऊन गेलं. मला सांगायचं तरी होतंस! पण सांगितलं असतंस तर मी चिडवून चिडवून जीव नकोसा केला असता. हे तुलाही ठाऊक होतं.

लेथवाल्याने शाफ्ट हातात घेऊन विचारलं, "हे असं कुनी केलंय?" मी म्हटलं, मी. द्यायच्या आधी ठिपक्यांवरून एकदा बोट फिरवलं. घाईत ठोकलेले, तरी सगळे सारख्या अंतरावर! शाफ्ट भरून, घासून परत आला तो अगदी गुळगुळीत. तुझ्या हाताचं त्यावर काहीच राहिलं नाही.

शुक्रवारी नळाला पाणी आलं. भाभीने कबरीवर घातलं, मग तांब्या माझ्या हातात दिला. मीही घातलं. मोटरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

आता नेरे गावच्या फार्महाउसांपासून इथपर्यंत तू बसवलेल्या मोटरी पसरल्यात. आज ना उद्या त्या एकेक करून दुकानात येणार, आणि तुझी एकेक बेअरिंग मलाच काढावी लागणार. काढता काढता कधीतरी शेवटचीही निघेल. ती शेवटची होती हे मला कळणारसुद्धा नाही.

म्हणून वचन देतो, एकही घाईने काढणार नाही.

तुझा भांडखोर भागीदार,
नामदेव