बॉनेटवरची चार भोकं

नागपूर,
सोमवार, १९ डिसेंबर १९७७

ती. वामनराव भाऊजी यांच्या चरणी मनोहरचा नमस्कार.

दिवाळीपासून तुम्हाला दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, याची मनापासून माफी मागतो. ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. रोजनिशी रोज लिहितो आहे, म्हणजे वेळही होता आणि शाईही होती. त्याच रोजनिशीत ‘भाऊजींना पत्र’ हे काम मी इतक्या वेळा पुढच्या पानावर ढकललं आहे की आता त्या कामालाच माझी कीव येत असावी. अडचण अशी, की कुसुमताईच्या मुक्कामाबद्दल लिहावं तर तक्रार वाटेल आणि न लिहावं तर लपवाछपवी. असो. तुमचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध सोडू नये. आंबिया बहाराची संत्री सगळी उतरली का? गायीला कालवड झाल्याचं सावनेरहून आलेल्या एका गृहस्थांकडून कळलं, आनंद झाला. इकडे सर्व क्षेम आहे. (पुष्पलतेनं खांद्यावरून वाचून ‘सर्व’ या शब्दावर बोट ठेवलं. तिथे ‘बहुतेक’ वाचावं.)

ताई भाऊबीजेला आली ती अजून इथेच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला ‘कधी जाणार?’ असं भावानं विचारायचं नसतं. मी तर एस.टी.चं नवं वेळापत्रक वर्तमानपत्रात आलं तेव्हा ती बातमी तिच्यासमोर मोठ्यानं वाचलीसुद्धा नाही. भांडणाचं कारण तिच्याकडून कळलं. तुम्ही घरची रेंगी, बैलांसकट, दवाखान्याच्या नर्सबाईंना खेड्यापाड्यांतल्या फिरतीसाठी देऊन टाकलीत. कृत्य चांगलं आहे. मी तिच्यासमोर तसं म्हटलं आणि पुढचे दोन दिवस माझ्या वरणात मीठ नव्हतं. (तो योगायोगही असेल, मी खात्री करून घेतलेली नाही.) तिचं म्हणणं असं: “बासष्टले जीप देशाले देली, आता रेंगी नर्सबाईले. घरात गोल फिरणारं एक जातंच राह्यलं, तेही देतीन कोणाले. न्याले याचं असंन त गाडी घेऊन या म्हणा. मी बस-स्टॅंडावरून पायी-पायी वाड्यावस्तीतून येत नाई.” आता तुमच्याकडे गाडी कोणतीच उरलेली नाही, हे तिलाही माहीत आहे. म्हणजे तर्कानं पाहता ती आता आमच्याकडेच राहणार.

बहीण आहे, राहो. पण भाऊजी, तिनं आमच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आहेत. पुष्पलता ते वापराप्रमाणे लावते. सकाळी एक लावते, दुपारी दुसरी लावते, आणि दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलतात की मला ऑफिसात, म्हणजे आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांत जास्त शांत वाटतं. एवढ्यासाठीच, निदान एक रविवार तरी स्वयंपाकघराला सुट्टी मिळावी म्हणून, छावणीतल्या लष्करी गाड्यांच्या संग्रहालयाचा ‘खुला दिवस’ असल्याचं वाचून मी सगळ्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. हेतू पूर्णपणे स्वार्थी होता हे नोंदवून ठेवतो. आमच्या अनंतला (वय पंधरा, आठवत असेलच) रणगाडे पाहायचे होते, हे मी कारण म्हणून पुढे केलं.

ताई आधी तयार नव्हती. “लोखंड पाहाले काय जाऊ मी? तुह्या न्हाणीघराची बादली पाह्यतो न रोज,” म्हणाली. मग एकदम तयार झाली आणि पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा आणि पिशवीभर संत्री असा सरंजाम घेऊन निघाली. बर्डीला बस बदलून आम्ही फाटकापाशी पोचलो. तिथे पहारेकरी शिपाई सगळ्यांना नुसतं ‘आइए, आइए’ म्हणत आत सोडत होता. पण माझ्या खिशात छोटा चाकू होता. लष्करी जागेत चाकू नेणं योग्य की अयोग्य हे मला कळेना, म्हणून मी तो स्वतःहून काढून त्याच्यापुढे धरला. तो दचकला. त्याला माझी झडती घ्यावी लागली, मागची रांग खोळंबली आणि चाकू त्याच्या टेबलाच्या खणात गेला. पुष्पलतेनं विचारलं, चाकू आणलाच कशाला? म्हटलं, संत्री सोलायला. त्यावर अख्ख्या नागपुरात चाकूनं संत्रं सोलणारा माणूस आपल्याच नशिबी आला, असं ती ताईला म्हणाली आणि दोघी हसल्या. पाच आठवड्यांत दोघी एकाच गोष्टीवर हसल्याची ही पहिली वेळ, म्हणून मी चाकूबद्दल वाईट वाटून घेतलं नाही.

रणगाड्यांचं वर्णन करत नाही. अनंत तुम्हाला स्वतंत्र लिहिणार आहे. (तो लिहिणार नाही.) पुष्पलतेला एकच प्रश्न पडला होता, एवढं मोठं धूड धुतं कोण, आणि ते विचारायला तिनं मला तीनदा पुढे ढकललं. पुढे तोफा ओढणाऱ्या गाड्या, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका असं पाहत आम्ही रांगेच्या शेवटी आलो. तिथे दोरीच्या पलीकडे, गर्द हिरवा रंग दिलेली एक जीप उभी होती. समोर पाटी. पाटीवर हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं होतं की ही जीप नागरिकांनी देशाला भेट दिलेली असून तिनं सीमेवर सेवा केली. बॉनेटवर शत्रूच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. डावं मडगार्ड डोंगरातून सुटलेल्या दगडांनी चेपलं आहे. आणि एका बाजूची लोखंडी पायरी जखमी जवानांना वर घेण्यासाठी खास बसवलेली आहे.

ताईला इंग्रजी येत नाही आणि हिंदी पाटीकडे तिनं पाहिलंच नाही. ती पायरीकडे पाहत होती. मग म्हणाली, “मनोहर, हे आपली होय गा.”

भाऊजी, मी आधी नाही म्हणालो. हिरव्या जीपा देशात हजारो असतील. मग मी वाकून पायरी पाहिली. रेंगीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून, वाकवून, कवडू लोहारानं वेल्डिंग केलेली ती पायरी. जीप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातून आणलीत तेव्हा ताईला नऊवारी लुगड्यात तिच्यावर चढता येत नव्हतं, म्हणून तुम्ही ती बसवून घेतली होती. चेपलेलं मडगार्ड म्हणजे तुमच्या फाटकातला कडुनिंब; त्या वेळी मी मागच्या सीटवर होतो. आणि बॉनेटवरची चार भोकं! ती माझ्या लग्नाची. वरातीसाठी पितळी मोर बसवायला ती कवडूनंच पाडली. पुष्पलतेनं दोरीवरून हात लांबवून भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “लग्नातल्या खुणा आहेत. लढाईतल्या म्हटलं तर काय खोटं आहे?”

(त्या मोराचं पुढे काय झालं? चीनच्या लढाईच्या वेळी सावनेरच्या सभेत तुम्ही जीप दिली त्या दिवशी ताईनं तो पाना घेऊन स्वतः काढला होता, ‘मोर देशाले नाई’ असं म्हणत, एवढं आठवतं. नंतर तो भंगारात गेला असं तुम्हीच सांगितल्याचं स्मरतं.)

मी या पाटीपाशी अडकलो. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकावर चुकीची चिठ्ठी चिकटली असली तर मला जेवण जात नाही, आणि इथे तर माझ्याच लग्नाला शत्रूच्या गोळ्या म्हटलं होतं. सांगावं तर तुमची पंधरा वर्षांची बाजू पडते. तुम्ही म्हणत आलात, जीप सीमेवर गेली. ताई म्हणत आली, कुठली सीमा, छावणीमागे भंगारात गेली असंन. आता भोकं मोराची ठरली तर उरतं काय? या विचारात मी असताना मागे लोक हसल्याचा आवाज आला. वळून पाहतो तर ताई दोरीखालून वाकून पलीकडे गेली होती, पायरीवर पाय ठेवून जीपमध्ये चढली होती आणि तिच्या जुन्या जागेवर, चालकाशेजारच्या सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. लोकांना वाटलं, हाही देखाव्याचाच भाग आहे. एका बाईनं तर आपल्या पोराला सांगितलं, “पाह्य, शहीदाची माय होय.”

तरुण कॅप्टन धावत आला. “माताजी, उतर जाइए, यह प्रदर्शनी की गाड़ी है.” ताई म्हणाली, “ले के थोड़ी जा रही मैं. बैठी हूँ खाली. मेरी गाड़ी है.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं: लिलाव, कडुनिंब, मोर, भोकं. न विचारता सांगितलं, चाकूसारखंच. कॅप्टनचा चेहरा उतरला. तो इथे नवा आहे. पाटी आधीच्या साहेबांनी लिहून ठेवलेली. जीप सीमेवर गेली होती की नाही, हे आता कोणालाच ठाऊक नाही. “शायद गयी हो, शायद न गयी हो,” तो म्हणाला.

आणि भाऊजी, पंधरा वर्षं तुम्हाला भंगारावरून टोमणे मारणारी माझी बहीण सीटवरून म्हणाली, “शायद काहे का? गयी थी! मेरे मालक ने सीमा पर जाने के लिए दी थी, तो जाएगी नहीं?” मी म्हणालो, ताई, पण भोकं तर मोराचीच आहेत. तिनं वरूनच माझ्या दंडाला चिमटा काढला (आज हिरवं-निळं झालं आहे) आणि मग मराठीत म्हणाली, “चारही मोराचीच कशी रे? तुले काय मालूम? दोन मोराची, दोन गोळीची असतीन. लिहून टाका म्हणा तसं.” कॅप्टनला पुष्पलतेनं याचं हिंदी करून सांगितलं. तो खळखळून हसला. त्याच्यासाठी ताईनं पिशवीतून संत्री काढली, आणि आम्ही सगळ्यांनी तिथेच, हातांनी सोलून, खाल्ली.

शेवटी त्यानं असं ठरवलं की पाटी झाकून ठेवायची. ज्यांनी गाडी दिली त्यांनी पुढच्या रविवारी यावं आणि सांगावं. ते सांगतील तसं, त्यांच्या नावासकट, लिहायचं. जीप अजून चालते. त्या दिवशी तुम्ही स्वतः ती मैदानात एक फेरी चालवायची. ताई तेव्हाच खाली उतरली, पायरीवरून, सावकाश. घरी आल्यावर तिनं डबे पुष्पलतेच्या पद्धतीनं लावून ठेवले.

मुलांना आशीर्वाद. वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुमचा,
मनोहर

ता. क. एवढं लिहूनही मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या रविवारी या आणि ताईला घेऊन जा. मैदानातली एक फेरी म्हणजे ‘गाडी घेऊन न्यायला येणं’ होतं का, अशी मला शंका होती, म्हणून तिलाच विचारलं. ती म्हणाली, “मैदानाच्या फाटकापर्यंत गाडी. मंग एस.टी. चालंन.” तिचा विचार बदलण्याआधी यावं.

ता. क. दुसरं. पुष्पलता म्हणते, शनिवारी येऊ नका. ताईनं गच्चीवर मुगवड्या घातल्या आहेत, त्या वाळायला रविवार उजाडेल. शिवाय या आठवड्यात दोघींनी मिळून तिळाचे लाडू करायचं ठरवलं आहे. म्हणजे घाई माझीच आहे असं दिसतं.

ता. क. तिसरं. कॅप्टनला खरं तेच सांगा, अशी माझी विनंती आहे. ताई शेजारी बसलेली असेल तर निदान दोन भोकं तरी मोराची म्हणा.

ता. क. चौथं. पत्र बंद करत होतो तेवढ्यात ताईनं तिच्या ट्रंकेतून लुगड्यांच्या तळातून एक फडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत मोर आहे, चारही स्क्रूंसकट. काळा पडला आहे. तिनं एवढंच विचारलं, “घरात चिंच आहे काय गा?” नाही.

उद्या: पितळ घासायला चिंच आणणे.